कळस आणि सळई

(कळसारोहण सप्ताहात सभामंडपात झालेल्या भाषणाचा मजकूर)



श्रीभैरवनाथाच्या कृपेने आणि आपणा सर्वांच्या वर्गणीने व श्रमदानाने हे देऊळ पुन्हा उभे राहिले. त्या कामाचे वर्णन माझ्याआधीच्या वक्त्यांनी केलेच आहे. मजकडे समितीने विषय दिला तो ‘विज्ञान आणि श्रद्धा’. हा विषय इतक्या व्यासपीठांवरून इतक्या वेळा बोलला गेला आहे की त्यावर काय बोलले जाणार हे श्रोत्यांना आधीच ठाऊक असते. एक वक्ता सांगतो की सगळे शोध आपल्या पूर्वजांनी आधीच लावून ठेवले होते, टाळ्या पडतात. दुसरा सांगतो की देव-धर्म हे सारे अडाण्यांचे काम. त्यालाही टाळ्या पडतात, फक्त टाळ्या वाजवणारे वेगळे असतात. मी यांपैकी काहीच बोलणार नाही. समितीपुढे जो प्रश्न गेले दोन महिने लोंबकळत पडला आहे, ज्याच्यामुळे गावातली काही चांगली माणसे एकमेकांशी बोलेनाशी झाली आहेत, त्याच्याबद्दलच बोलणार आहे. तो प्रश्न म्हणजे शिखरावर वीजरोधक सळई बसवावयाची की नाही. शहरातले इंजिनियर तिला ‘लायटनिंग अरेस्टर’ म्हणतात.

ज्या बैठकीत हा विषय निघाला तिला आपणांपैकी बरेच जण हजर होते. कळसापेक्षा उंच काही असू नये, असे जुन्या मंडळींचे म्हणणे. सळई तर कळसाच्या वर हात-दीड हात जाणार. त्यावर तरुण मंडळींपैकी एकजण म्हणाला, “देवाला स्वतःचा कळस सांभाळता येत नाही का? येत असेल तर सळई नको, येत नसेल तर कळस तरी कशाला?” लगेच पलीकडून उत्तर आले, “चार इयत्ता शिकून आता देवाला शिकवायला निघालात!” झाले. सभा तिथेच मोडली. दोन्ही वाक्ये झणझणीत होती, दोन्हींना दाद मिळाली, आणि दोन्हींनी मिळून सळईचा प्रश्न होता तिथेच ठेवला. वीज मात्र कोणाच्या वाक्याची वाट पाहत थांबत नाही. वळिवाचा पाऊस तोंडावर आला आहे आणि शिखराची परांची या महिनाअखेर उतरवावयाची आहे. एकदा परांची उतरली की पुन्हा बांधण्याचा खर्च किती येतो, हे आपल्या खजिनदारांना विचारा.

मंडळी, हे भांडण आपल्या गावाने नव्याने काढलेले नाही. अडीचशे वर्षांपूर्वी साऱ्या युरोपात हेच भांडण चालले होते, आणि तेही देवळांवरूनच. तिकडच्या चर्चना उंच मनोरे असतात आणि मनोऱ्यात घंटा असतात. वादळ आले की घंटा वाजवावयाची, म्हणजे वीज पांगते, असा समज पूर्वापार होता. काही घंटांवर तर ‘मी विजेला मोडते’ अशा अर्थाची लॅटिन अक्षरे कोरलेली असत. आता गावातली सर्वांत उंच जागा, तिच्यात धातूची घंटा, तिला बांधलेला पावसाने भिजलेला दोर, आणि तो दोर ओढणारा माणूस! अठराव्या शतकातल्या तीसएक वर्षांचा जो हिशेब लोकांनी मांडला, त्यात साडेतीनशेहून अधिक मनोऱ्यांवर वीज पडल्याची आणि शंभरावर घंटा ओढणारे मेल्याची नोंद आहे. ती माणसे भाविक होती, गावासाठी जिवावर उदार होऊन मनोऱ्यात गेली होती. त्यांना हसण्याचा अधिकार मला तरी वाटत नाही.

१७५२ साली अमेरिकेतील बेंजामिन फ्रँकलिन याने सुचविलेला प्रयोग फ्रान्समध्ये मार्ली या गावी करण्यात आला आणि आकाशातली वीज व प्रयोगशाळेतली वीज एकच आहे, हे सिद्ध झाले. पुढल्याच वर्षी त्याने आपल्या पंचांगात घरावर सळई कशी बसवावी हे छापले. होय, पंचांगातच! तो दरवर्षी एक पंचांग काढीत असे, आणि लोक त्याचे पंचांग वाचतात हे त्याला पक्के ठाऊक होते.

मग विरोध सुरू झाला. १७५५ साली अमेरिकेतील बॉस्टन शहरी भूकंप झाला, तेव्हा तिथल्या एका पाद्र्याने लिहिले की या सळया आकाशातली वीज जमिनीत साठवतात, म्हणून जमीन हादरते. त्याला हार्वर्डच्या विंथ्रॉप नावाच्या प्राध्यापकाने उत्तर दिले, आणि हा विंथ्रॉपही चांगला श्रद्धाळू माणूस होता. फ्रान्समध्ये सेंट ओमेर गावी एका गृहस्थाने घरावर सळई बसविली, तर शेजाऱ्यांनी फिर्याद करून ती काढावयाचा हुकूम आणला. ते प्रकरण वरच्या कोर्टात गेले आणि १७८३ साली सळईवाल्याच्या बाजूने निकाल लागला. त्याची वकिली करणारा तरुण म्हणजे पुढे फ्रेंच राज्यक्रांतीत गाजलेला रोबेस्पिएर. इटलीत ब्रेशा शहरात १७६९ साली दारूगोळ्याच्या कोठारावर वीज पडली आणि शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. असले तडाखे बसल्यावर लोकांचे मन हळूहळू वळले. व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चच्या मनोऱ्यावर शतकानुशतके पुनःपुन्हा वीज पडत असे. तिथे १७७६ साली सळई बसली.

इथपर्यंतची गोष्ट ऐकून तरुण मंडळींना वाटत असेल की गुरुजी आपल्या बाजूचे आहेत. थोडे थांबा. आता मी जी गोष्ट सांगणार आहे, तिच्यासाठीच आज मी बोलावयास उभा राहिलो.

मोराव्हिया म्हणून एक प्रांत आहे, आजच्या चेक देशात. तिथल्या एका खेड्यात प्रोकोप दिविश नावाचा पाद्री होता. देवळाचा पुजारी आणि विजेचा अभ्यासक, दोन्ही एकच माणूस. विज्ञान आणि श्रद्धा यांचे जन्माचे वैर आहे असे मानणाऱ्यांनी या माणसाला कुठल्या खान्यात बसवावे बरे? या दिविशने १७५४ साली आपल्या घराजवळ एक उंच खांब उभारला. त्यावर आडव्या लोखंडी कांबी, त्यांवर शेकडो टोकदार खिळे, आणि सगळे साखळ्यांनी जमिनीशी जोडलेले. त्याला तो ‘हवामानाचे यंत्र’ म्हणे. हे यंत्र ढगांतली वीज हळूहळू शोषून घेईल आणि वादळच होऊ देणार नाही, असे त्याचे म्हणणे होते.

पाच-सहा वर्षांनी त्या भागात दुष्काळ पडला. गावकरी म्हणाले, या यंत्राने आमचा पाऊस घालवला. त्यांनी ते मोडून टाकले.

ही गोष्ट पुस्तकांतून बहुधा गावकऱ्यांच्या अडाणीपणाचा नमुना म्हणून सांगतात. मला ती तशी वाटत नाही. यंत्राने पाऊस गेला, हे खोटेच. खांबावरच्या चार कांबींनी कोसांवर पसरलेले ढग हलत नाहीत. पण यंत्र ढगांवर हुकमत चालवते, हे गावकऱ्यांच्या डोक्यात घातले कोणी? स्वतः दिविशने! यंत्र वादळ थांबवते असे त्यानेच सांगितले होते. मग वादळ थांबवणारे यंत्र पाऊसही थांबवील, असे शेतकऱ्याने म्हटले तर त्याच्या तर्कात काय चुकले? जाणत्या माणसाने आपल्याला ठाऊक होते त्यापेक्षा चार गोष्टी जास्त सांगितल्या, आणि त्या जास्तीच्या गोष्टींपायी ठाऊक असलेली खरी गोष्टही बुडाली. जमिनीशी जोडलेली उंच सळई इमारत वाचवते, एवढेच त्याने सांगितले असते तर तो खांब कदाचित टिकला असता.

आपल्याकडेही २००३-०४च्या दुष्काळात सांगली-सातारा भागात पवनचक्क्या ढग पळवतात असे लोक म्हणू लागले होते. पवनचक्कीचे पाते जमिनीपासून शे-सव्वाशे मीटरवर फिरते आणि पावसाचा ढग काही किलोमीटर उंच चढलेला असतो, तेव्हा हे संभवत नाही. पण लोकांना हे घरी येऊन, नीट बसून, त्यांच्या शंकांना उत्तरे देऊन कोणी सांगितले? ‘अडाणी आहेत’ म्हटले की आपली सांगण्याची जबाबदारी संपते, हे फार सोयीचे असते.

शहाण्यांच्या अहंकाराची दुसरी एक गोष्ट आहे. आकाशातून दगड पडतात, असे खेड्यापाड्यातले लोक शेकडो वर्षे सांगत होते. पॅरिसच्या विज्ञान अकादमीला ती भाकडकथा वाटे. १७६८ साली फ्रान्समध्ये ल्यूसे येथे शेतात काम करणाऱ्या माणसांनी असा दगड पडलेला पाहिला. अकादमीने तो तपासला. तपासणाऱ्यांत आधुनिक रसायनशास्त्राचा जनक म्हणतात तो लाव्हाझिए होता. निष्कर्ष काय निघाला? दगड जमिनीवरचाच आहे, त्यावर वीज पडली असावी! पाहा, न समजलेली गोष्ट विजेच्या माथी मारण्याची सवय एकट्या खेडुतांची नव्हे. पुढे १८०३ साली लेगल या गावाच्या परिसरात भर दिवसा हजारो दगड पडले. तेव्हा बियो नावाच्या तरुण शास्त्रज्ञाला तिकडे पाठविण्यात आले. त्याने काय केले, तर तो गावोगाव हिंडला. शेतकरी, कारागीर, पाद्री, बायामाणसे, ज्याने जे पाहिले ते विचारून टिपून घेतले, दगड कुठे कुठे सापडले त्या जागा पाहिल्या, आणि परत जाऊन सांगितले की ही माणसे खरे बोलत आहेत. तेव्हापासून अकादमीच्या शंका मिटल्या.

त्या माणसांनी पाहिले ते खरेच होते. मात्र का पडले याची जी कारणे गावोगाव सांगत, ती बहुतेक चुकीची होती. ‘मी पाहिले’ आणि ‘हे अशामुळे झाले’ ही दोन वाक्ये आपण एका दमात बोलतो, म्हणून भांडण होते. ऐकणाऱ्याला दुसरे वाक्य पटत नाही आणि तो पहिलेही फेकून देतो.

खुद्द सळईचेच घ्या. सळईचे टोक अणकुचीदार असावे, असा फ्रँकलिनचा आग्रह होता. इंग्लंडात विल्सन नावाचा त्याचा विरोधक म्हणे, बोथट गोळा असावा. एवढ्यात अमेरिकेने इंग्लंडविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पुकारले, आणि फ्रँकलिन पडला अमेरिकन. मग काय, राजे तिसरे जॉर्ज यांनी बोथट टोकांची बाजू घेतली! सळईच्या टोकाला राष्ट्राभिमान चिकटला. पुढे दोन शतके जगभर टोकदार सळया बसत राहिल्या. मग न्यू मेक्सिकोतील डोंगरमाथ्यावर काही शास्त्रज्ञांनी दोन्ही प्रकारच्या सळया शेजारी शेजारी लावून सात वर्षे पाहिले. त्याचा अहवाल २००० साली प्रसिद्ध झाला. अणकुचीदार सळईवर वीज एकदाही पडली नाही. माफक बोथट टोकांच्या सळयांवर बारा वेळा पडली. सळईचे काम वीज आपल्या अंगावर घेऊन जमिनीत नेणे हे असल्यामुळे, या बाबतीत राजाचा पक्ष सरस ठरला म्हणावयाचा. राजाला त्यातले काही कळत होते असे मात्र नव्हे. आणि टोकदार सळई ढगातली वीज मुकाट्याने रिकामी करते, ही फ्रँकलिनची कल्पनाही टिकली नाही. त्याचे यंत्र टिकले, त्याने दिलेले कारण अर्धे गेले. ढगाच्या पोटात विजेची पहिली ठिणगी नेमकी कशी पडते, यावर तर अजूनही अभ्यास चालू आहे.

आता आपल्या गावाकडे येऊ. पायाळू माणसावर वीज पडते, हे आपल्याकडे आजही म्हातारी माणसे सांगतात. जन्मताना पाय आधी आले की डोके आधी, हे विजेला कळण्याचा काही मार्ग नाही. या समजापायी एखाद्या पोराला पावसाळाभर घरात डांबून ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे, हे मी स्पष्ट सांगतो. पण हीच म्हातारी माणसे वीज कडाडू लागली की एकट्या झाडाखाली थांबू नको, औत सोड, तळ्यातून बाहेर ये, असे सांगतात. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. उलट ‘एकाच जागी वीज दोनदा पडत नाही’ हे वाक्य मी खेडुतांकडून फारसे ऐकले नाही. ऐकले ते शिकलेल्यांकडून. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट या गगनचुंबी इमारतीवर वर्षाकाठी वीसएक वेळा वीज पडते!

एक समज मात्र जीव घेणारा आहे, म्हणून तो या निमित्ताने पुसून टाकावा अशी माझी हात जोडून विनंती आहे. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज शिल्लक राहते, त्याला हात लावू नये, असे म्हणतात. देशाच्या काही भागांत तर त्याला शेणात पुरून ठेवतात. त्याच्या अंगात वीज मुळीच राहत नाही. त्याला ताबडतोब हात लावावयाचा, श्वास बंद असेल तर छाती दाबून आणि तोंडाने हवा देऊन तो चालू करण्याचा प्रयत्न करावयाचा आणि तसेच दवाखान्यात न्यावयाचे. कित्येक माणसे यामुळे वाचतात. आपल्या देशात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे विजेने मरतात, आणि त्यांतली बहुतेक शेतात राबणारी असतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ नावाची सोय केली आहे, ती मोबाईलवर जवळपासच्या विजेची सूचना देते. तरुणांनी ती आपल्या वडीलधाऱ्यांच्या मोबाईलमध्ये घालून द्यावी. सभेत भाषण करण्यापेक्षा ते काम लवकर होईल.

आणि तरुणांना आणखी एक सांगावयाचे आहे. ‘सळई बसली की गावावर वीज पडणार नाही’ असे तुम्ही जे सांगत सुटला आहात, ते बंद करा. सळई देऊळ सांभाळील, फार तर लगतच्या ओवऱ्या. वरच्या आळीतल्या घरांना, माळावरच्या गुराख्याला तिचा काडीचा उपयोग नाही. उद्या माळावर कोणी दगावला, तर लोक म्हणतील सळई लबाड निघाली. दिविशचा खांब असाच मोडला.

त्या मोडलेल्या सभेनंतर आठ-दहा दिवसांनी एक वयोवृद्ध गृहस्थ, सळईला विरोध करणाऱ्यांपैकीच, आपल्या गावचे बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियरसाहेब देवळात आले असता त्यांच्यापाशी गेले. मी तेथे होतो. ते म्हणाले, “साहेब, कळस तांब्याचा आहे. तुमची सळईही तांब्याचीच. मग वर दुसरे काही न लावता कळसालाच तार जोडून जमिनीत नेता नाही का येणार?” साहेब थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बाबा, येईल कदाचित. पण पत्रा किती जाड आहे ते मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. पातळ असला तर वीज पडेल तिथे भोक पडेल.” वृद्ध गृहस्थ म्हणाले, “मग मोजू या की.”

वारीत आपण काय करतो? समोरचा लहान असो, थोर असो, तो आपल्या पाया पडतो आणि आपण त्याच्या. त्या देवळाच्या ओवरीत मला त्या दिवशी तसेच काहीसे दिसले. म्हाताऱ्याने साहेबांच्या ज्ञानाला मान दिला आणि साहेबांनी म्हाताऱ्याच्या प्रश्नाला. कळसापेक्षा उंच काही नको, ही बाबांची श्रद्धा जिथल्या तिथे राहिली. साहेबांनीही विज्ञानाला काडीचा धक्का लावला नाही. दोन महिने सारा गाव ओरडत होता, त्या गलबल्यात हा साधा प्रश्न कोणाला सुचला नव्हता. किंवा सुचला असेल, तर ऐकावयास कोणी नव्हते.

कळसाचा पत्रा पुरेसा जाड निघेलच असे नाही. पातळ निघाला तर पुन्हा बाजूच्या सळईवर यावे लागेल, आणि ती कळसाच्या वर जाणार की नाही यावर पुन्हा चर्चा होईल, होऊ द्या. काहीही ठरले तरी जमिनीतला खड्डा नीट खणावा लागेल, तांब्याची पट्टी त्यात खोल न्यावी लागेल, कोळसा-मीठ घालावे लागेल, आणि दरवर्षी उन्हाळ्यात जोड तपासावे लागतील. जोड तुटलेली पट्टी ही नसलेल्या पट्टीपेक्षाही धोक्याची. हे वर्षानुवर्षांचे काम कोणाच्या अंगावर टाकावयाचे, हेही समितीने लिहून ठेवावे.

रविवारी सकाळी नऊ वाजता येथेच बैठक आहे. कळस घडविणाऱ्या तांबटांना बोलावणे गेले आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतून जाडी मोजण्याचा कॅलिपर मी घेऊन येणार आहे. परांचीवर कोण चढणार ते तरुणांनी ठरवावे. बाबांना खाली खुर्ची ठेवू, आकडा पहिल्यांदा त्यांनाच सांगू. आणि वडीलधाऱ्यांना एक काम आहे. आपल्या शिवारात, गावठाणात, माळावर आजवर कुठे कुठे वीज पडली, कोणते झाड जळाले, कोणत्या साली, दिवसा की रात्री, जेवढे आठवेल तेवढे नातवंडांकडून एका कागदावर लिहून घेऊन तो कागद रविवारी आणावा. का पडली ते लिहिण्याची गरज नाही. फक्त कुठे आणि केव्हा.